पास्टोरल सिम्फनी: कोणाचं रेकॉर्डिंग ऐकता? बोम, वाल्टर, कारायान की अजून कोणी?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. बीथोवेनची सहावी, म्हणजे पास्टोरल, सध्या रोज जेवणं झाली की गच्चीवर ऐकायलोय. माझ्याकडं इतके दिवस फक्त कारायान ह्या कंडक्टरचं (ऑर्केस्ट्रा चालवणारा तो) होतं, बर्लिन फिलहार्मोनिकचं १९६२ चं, ते नऊच्या नऊ सिम्फनींच्या सेटमधलं. आता भाच्याने कार्ल बोमचं पाठवलंय, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७१. आणि डोकंच फिरलं हो. कागद तोच, स्वर तेच, पण कारायान म्हणजे गावाकडं निघालेला पण गाडीतून खाली उतरायला तयार नसलेला पाहुणा, आणि बोम चपला काढून बांधावर बसलाय निवांत. नुसता पहिला भाग बघा, कारायान नऊ मिनिटांच्या आसपास उरकतो, बोमला बाराच्या वर लागतात.

तर प्रश्न असा की तुम्ही कोणाचं ऐकता, आणि मुख्य म्हणजे तो चौथा भाग, वादळाचा, तो कोणी सगळ्यात भारी केलाय? कारायानचं वादळ दणदणीत आहे पण एकदम येतं. आपल्याकडं अवकाळी यायच्या आधी जी हवा पडते, पान हलत नाही, म्हशी दावणीला ओढ घेतात, ते त्यात मला सापडत नाही. आणि पाचव्या-सातव्याची चर्चा सगळीकडं असते, सहावीवर कोणी बोलतच नाही म्हणून धागा काढला.

बिनसाखरेचा
कंडक्टर म्हटलं की कोणीतरी एसटीचा जोक टाकणारच, म्हणून मीच टाकून मोकळा होतो. सुट्टे द्या, पुढं सरका. झालं. आता शहाण्यांनी बोला.

खडीसाखर
@मांजराकाठ, मिनिटं मोजायची तर आधी रिपीट बघा. पहिल्या भागाचा सुरुवातीचा टप्पा बीथोवेनने पुन्हा वाजवायला सांगितलाय. बोम तो वाजवतो, कारायान गाळतो. तेवढा तुकडा वजा केला तर तीन मिनिटांचा फरक पाऊण मिनिटाच्या आसपास येतो. आणि गंमत म्हणजे ब्रूनो वाल्टर (कोलंबिया सिम्फनी, १९५८) पण रिपीट गाळतो, म्हणून त्याचा पहिला भाग दहाच्या आसपास दिसतो, बोमपेक्षा छोटा. प्रत्यक्षात वाल्टर बोमपेक्षा सावकाशच आहे, थोडा का होईना. ॲपवर दिसणाऱ्या मिनिटांवरून लयीचा अंदाज बांधणारे खूप भेटतात, म्हणून सांगितलं.

मग बोम एवढा निवांत का वाटतो, हा खरा प्रश्न. मला वाटतं तो वाक्याच्या शेवटी घाई करत नाही. व्हायोलिनचं वाक्य संपलं की ओबो-क्लॅरिनेटला, म्हणजे फुंकायच्या वाद्यांना, आपलं म्हणणं मांडू देतो, मग पुढं जातो. कारायानकडं सगळे एकाच लांब श्वासात, गुळगुळीत. दोघांच्या लयीत फार अंतर नाही, जागा सोडण्यात आहे.

परभणी_पॅसेंजर
मी परभणी-नांदेड रोज जातो येतो, तासाभराचा रस्ता, त्यात हीच सिम्फनी बसते बरोबर. पण रेल्वेत क्लासिकल ऐकणं म्हणजे शिक्षाच आहे राव. दुसरा भाग झऱ्याकाठचा, इतका हळू की पूर्णा जंक्शनला चहावाल्याचं ओरडणंच ऐकू येतं, म्हणून आवाज वाढवावा तर चौथ्या भागात कानाचे पडदे जातात.

त्याहून वाईट सांगतो. माझं फुकटवालं ॲप आहे. तिसरा, चौथा, पाचवा हे तीन भाग मध्ये न थांबता सलग वाजवायचे असतात, तिसऱ्यातला नाच मध्येच मोडतो आणि थेट वादळ. तर नेमकं तिथंच ॲपने जाहिरात घातली, कर्ज पाहिजे का म्हणून. वादळाआधी कर्ज, आता ह्याला काय बोलायचं.

बिनसाखरेचा
मराठवाड्याचा अभ्यास करून घातलीय जाहिरात.

मांजराकाठ
😂 @परभणी_पॅसेंजर पैसे भरा आणि सेटिंगमध्ये गॅपलेस चालू करा, नाहीतर सरळ सीडी.

@खडीसाखर ताई, रिपीटचं पटलं. पण रिपीट काढूनसुद्धा मला बोमच पाहिजे, ते जागा सोडण्याचं म्हणालात ना, तेच.

हार्मोनियमवाले_गुरुजी
मी अंबाजोगाईचा, आयुष्य पेटीवर गेलं, तुमच्या ह्या संगीतातलं मला फार कळत नाही, पण धागा वाचून उत्सुकता वाटली म्हणून विचारतो. आमच्यात एकच बंदिश किराण्याचा गायक वेगळी मांडतो आणि ग्वाल्हेरचा वेगळी, कारण मांडायला मोकळीक आहे, आलाप त्याचा, ताना त्याच्या. तुमच्याकडं तर एकूण एक स्वर लिहून ठेवलेला. मग काडी हलवणाऱ्या माणसाने वेगळं करायचं ते काय? ह्यात चेष्टा नाही, खरंच विचारतो आहे.

खडीसाखर
गुरुजी, ह्याच सिम्फनीची पहिली चार मापं, म्हणजे चार छोटी आवर्तनं, ऐका. व्हायोलिन एक छोटं वाक्य म्हणतात आणि चौथ्या मापावर थांबतात. तिथं स्वरावर एक खूण आहे, अर्थ एवढाच की लांबवा. किती लांबवा ते लिहिलेलं नाही. कोणी तिथं नुसतं टेकतो आणि निघतो, कोणी इतका थांबतो की आपण मान वर करून बघतो. पुढच्या चाळीस मिनिटांचा स्वभाव त्या एका थांब्यावर कळतो.

दुसरं, त्याच भागात मध्यावर एक इवलासा तुकडा आहे, तो पुन्हा पुन्हा पुन्हा तसाच येत राहतो, काहीच घडत नाही, आणि मग खालची हार्मनी (साथीचे स्वर) अचानक सरकते, बी फ्लॅटवरून एकदम डी मेजर. लख्ख ऊन पडल्यासारखं. कागदावर ती सगळी मापं सारखीच दिसतात. कंडक्टरने तिथं आवाज कुठून कुठं न्यायचा, किती हळूहळू, हे ठरवलं नाही तर ऐकणाऱ्याला वाटतं तबकडी अडकली. शिवाय साठ-सत्तर माणसांतलं कोण पुढं ऐकू यायचं आणि कोण मागं, हेही त्यालाच बघावं लागतं. म्हणजे मोकळीक आहे, पण तुमच्यापेक्षा फार अरुंद जागेत. विलंबित किती विलंबित हे तुमच्याकडंही कुठं लिहिलेलं असतं?

हार्मोनियमवाले_गुरुजी
नाही, ते खरं. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबितावर आमच्या पिढीत किती वाद झाले. ऐकतो ती चार मापं.

पुणे_बदली
मूळ हिंगोलीचा, सध्या नोकरीमुळे पुण्यात. माफ करा पण बोम-कारायान-वाल्टर ही तिन्ही नावं म्हणजे दुकानात सगळ्यात पुढच्या कप्प्यातली. फुर्टवेंगलर ऐका. पहिला भाग इतका सावकाश घेतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल चूक झाली काहीतरी, आणि शेवटपर्यंत ऐकलं की बाकी सगळे पळतायत असं वाटायला लागतं. आणि क्लेम्पेररचा फिलहार्मोनियाबरोबरचा १९५७ चा तिसरा भाग. खेड्यातल्या लोकांचा नाच आहे म्हणून सगळे उधळतात, हा पठ्ठ्या जड पायांनी नाचवतो. निर्माता वॉल्टर लेग वैतागला, फारच हळू आहे म्हणाला, तर क्लेम्पेररने त्याला होईल सवय तुला असं सांगून वाटेला लावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

टाळझांज
आली का मंदगती पार्टी 🙏 अहो बीथोवेनने स्वतः मेट्रोनोमचे (लय मोजायच्या यंत्राचे) आकडे दिलेत, १८१७ साली छापून, तोवर झालेल्या आठही सिम्फनींचे. पहिल्या भागाला अर्ध्या नोटला ६६. म्हणजे चांगलाच चपळ. फुर्टवेंगलर त्याच्या जवळपासही जात नाही. लेखकाने लिहून दिलंय आणि तुम्ही म्हणणार आम्हाला खोली पाहिजे.

गार्डिनर ऐका, ऑर्केस्ट्र रेव्होल्युशनेर ए रोमांटिक, १९९४ चा सेट. आतड्याच्या तारा, व्हॉल्व्ह नसलेले हॉर्न, टिंपनीला (नगाऱ्यांना) कडक काठ्या, व्हायब्रेटो (स्वर थरथरवणं) जेमतेम. आता @मांजराकाठ तुमच्या वादळाकडं येतो. वादळ सुरू होतं तेव्हा चेलो आणि डबल बास (सगळ्यात जाड आवाजाची तंतुवाद्यं) खाली नुसते थरथरतात, अगदी हळू, वर दुसरे व्हायोलिन तुटक स्वर टाकतात, हे तुमचे पहिले टपोरे थेंब. मग सगळा ऑर्केस्ट्रा कोसळतो, टिंपनीसकट. टिंपनी अख्ख्या सिम्फनीत फक्त ह्याच भागात आहे, आधी नाही, नंतर नाही. पिकोलोचंही (छोट्या बासरीचंही) तसंच. आणि तळाशी बघा काय केलंय ह्या माणसाने: चेलोला एका ठोक्यात पाच स्वर दिलेत आणि बासला त्याच ठोक्यात चार. दोन्ही एकमेकांत मिसळून स्वर असा राहतच नाही, नुसता गडगडाट. मोठ्या मॉडर्न ऑर्केस्ट्रात त्याचा मऊ ढग होतो, जुन्या वाद्यांवर खरखरीत, दगडं घरंगळल्यागत. मला दगडं पाहिजेत.

पुणे_बदली
त्या मेट्रोनोमच्या आकड्यांवर दोनशे वर्षं भांडण चालू आहे. आकडे देताना माणूस जवळजवळ ठार बहिरा होता. डोक्यातल्या डोक्यात वाजवताना सगळेच जास्त वेगात वाजवतात, प्रत्यक्ष हॉलमध्ये आवाज घुमतो, तिथं लय बसवावी लागते. आकडा म्हणजे दिशा, स्पीड लिमिट नव्हे.

टाळझांज
दिशा म्हणताय ना, मग त्या दिशेने निघा तरी. तुमचा माणूस उलट्या दिशेला बसलाय.

जालन्याचा_ज
जून निम्मा संपला, पेरण्या खोळंबल्यात, आणि लोकांना युरोपातल्या झऱ्याकाठची सिम्फनी कोणाची चांगली ह्याची पडलीय. चालू द्या.

मांजराकाठ
@जालन्याचा_ज भाऊ, माझ्या चार एकरात पण पेरणी झालेली नाही अजून. संध्याकाळी आभाळाकडं बघून झालं की रात्री काय करायचं असतं सांगा, बातम्या बघायच्या? मी लातूरचा आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं तेव्हा घागरी लावून उभा राहिलेला माणूस आहे. वादळ झाल्यावर मेंढपाळ आभार मानतात तो पाचवा भाग कोणाला कळायला पाहिजे, आपल्याला नाही तर काय व्हिएन्नावाल्यांना?

जालन्याचा_ज
बरं बरं तापू नका. लिंक द्या कुठलीतरी, बघतो.

रेल्वेकॉलनी
विषय थोडा भरकटवतो. माझी ह्या सगळ्याशी ओळख सलील चौधरींमुळे. १९६१ च्या छाया सिनेमातल्या तलत-लताच्या त्या गाण्याची सुरुवात मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून घेतलीय हे कळलं आणि मूळ शोधत गेलो. आधी बोमचं मिळालं, छान वाटलं, भारदस्त. मग हार्नोनकोर्टचं ऐकलं तर हे गाणं नव्हेच, भांडण आहे! कोणी सांगाल का ह्यात काही रेकॉर्डिंगमध्ये क्लॅरिनेट आहेत आणि काहींत नाहीत ते कसं काय?

खडीसाखर
मोझार्टनेच दोन आवृत्त्या केल्यात. आधी क्लॅरिनेटशिवाय, मग क्लॅरिनेट घालून ओबोचं काम कमी केलं. कंडक्टर आपल्याला पटेल ती घेतो. वेगळा धागा काढा ना, तिथं लिहिते, इथं आधीच तीन भांडणं चालू आहेत.

परभणी_पॅसेंजर
झुबिन मेहतांचं कोणीच नाव घेईना? आपला मुंबईचा माणूस.

पुणे_बदली
घेऊ की. १९७५ चं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं माहलरच्या दुसऱ्या सिम्फनीचं. ह्या एका रेकॉर्डिंगवर कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पण धागा सहावीचा आहे.

बिनसाखरेचा
श्रीनगरला शालिमार बागेत २०१३ ला त्यांनी बीथोवेन वाजवला होता, टीव्हीवर बघितलं होतं. आमच्या घरी आई म्हणाली इतके लोक आणि गाणारा एकही नाही, पैसे कशाचे घेतात.

सौ_देगलूर
मी इतके दिवस नुसती वाचत होते. मला ही भांडणं कळत नाहीत, पण दुसऱ्या भागाच्या शेवटी तीन पक्षी येतात ते कोणी लिहिलंच नाही. बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा पक्षी, क्लॅरिनेटवर कोकिळेच्या जातीतला तो कुक्कू. सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि तिघंच बोलतात. माझ्याकडं वाल्टरचं आहे, वडिलांनी घेतलेली एलपी. त्यात पक्षी नक्कल केल्यासारखे वाटत नाहीत, बासरीवाला नुसता गातो. भावाने दिलेल्या दुसऱ्या एका सीडीत ते तिघं शाळेच्या गॅदरिंगला पाठ केल्यासारखे येतात. मला तर रेकॉर्डिंग कसं आहे ते तिथंच कळतं.

आणि वाल्टर तेव्हा एक्याऐंशी वर्षांचा होता, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. कॅलिफोर्नियात त्याच्यासाठी खास ऑर्केस्ट्रा जमवून हे रेकॉर्ड केलं. कुठंही थकवा नाही.

खडीसाखर
सौ_देगलूर, पूर्ण सहमत. बीथोवेनने स्वतःच लिहून ठेवलंय की ह्यात चित्रं काढण्यापेक्षा भावना व्यक्त करणं जास्त आहे. म्हणून पक्ष्यांची हुबेहूब नक्कल झाली की मला पण खटकतं. आणि १८०२ च्या त्याच्या त्या हायलिगेनश्टाटच्या, बहिरेपणाबद्दलच्या पत्रात आहे, शेजारी उभ्या माणसाला दुरून बासरी ऐकू येते आणि ह्याला काहीच नाही. ते वाचून हे पक्षी ऐकवत नाहीत कधी कधी.

टाळझांज
तिसऱ्या भागातला ओबोवाला पण विसरू नका. खेड्यातला बँड आहे, ओबो ठोका चुकल्यासारखा मागून येतो, आणि बसूनवाल्याला (बसून म्हणजे जाड आवाजाचं फुंकवाद्य) मोजून दोन-तीन स्वर येतात, तेवढेच तो जिथं जमेल तिथं टाकतो. लिहिलेलंच तसं आहे. मॉडर्न ऑर्केस्ट्रातले बहुतेक बसूनवाले ते इतकं सुंदर वाजवतात की विनोदच मरतो.

पुणे_बदली
इथं मात्र टाळझांजशी सहमत. नोंद घ्यावी.

हार्मोनियमवाले_गुरुजी
चार मापं ऐकली, तिघांची. कारायान थांबतच नाही म्हटलं तरी चालेल. वाल्टर थांबतो आणि पुढचं वाक्य असं उचलतो की समेवर यावं तसं. तुम्ही म्हणता तसं आहे. पण मला एक कळलं नाही, ज्याला हे सगळं प्रत्यक्ष हॉलमध्येच खरं वाटतं असा कोणी नव्हता का तुमच्यात? आमच्या गुरुजींनी आयुष्यभर ध्वनिमुद्रण करू दिलं नाही.

पुणे_बदली
गुरुजी, होता. चेलिबिदाके. रुमानियाचा, शेवटी म्युनिकला. तबकड्या काढायच्या नाहीत म्हणून बसला, १९९६ ला गेला आणि मग घरच्यांनी परवानगी दिली तेव्हा कुठं म्युनिकची रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आली. ब्रुकनरची आठवी इतर लोक ऐंशी मिनिटांच्या आसपास संपवतात, ह्याची शंभरच्या वर जाते. त्याचं म्हणणं असं की लय हॉलवर ठरते. आवाज जितका घुमेल, जितकं आत काय चाललंय ते कानाला पोचायला वेळ लागेल, तितकं सावकाश. मग ते दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या स्पीकरवर लावलं की चुकीचंच वाटणार.

टाळझांज
म्हणजे @पुणे_बदली तुमच्याच माणसाने कबूल केलं की तुमच्या टू बीएचकेत ते हळूच वाटणार 😄

परभणी_पॅसेंजर
आणि माझ्या डब्यात तर गार्डिनर पण हळू वाटतो, कारण गाडीच पुढं सरकत नाही.

रेल्वेकॉलनी
कार्लोस क्लायबरचं कसं काय राहिलं? पाचवी आणि सातवी सगळ्यांना माहीत, पण सहावी त्याने आयुष्यात एकदाच केली, १९८३ च्या नोव्हेंबरात म्युनिकला, बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा. मूळ टेप खराब झाली होती, त्याच्या मुलासाठी केलेली एक कॅसेट होती घरात, त्यावरून सीडी काढली. कॅसेट! आवाज बराच साधा आहे, पण @मांजराकाठ तुम्ही ज्या वादळाबद्दल विचारताय ना, ते इथं आहे. नाच इतका वेगात नेतो की लोकांना वरच्या ढगाचं भानच नाही, आणि ते पहिले थेंब पडतात तेव्हा सगळे एकदम गप्प. बोमचं वादळ ऐकताना आपण खिडकीत असतो. ह्याच्यात शेतात.

खडीसाखर
हे बरोबर सांगितलं. वादळ भारी व्हायला तिसरा भाग कसा सोडला ते महत्त्वाचं. जेमतेम साडेतीन-चार मिनिटांचा भाग आहे, त्यात एकटी टिंपनी किती करणार. मांजराकाठ, तुम्हाला ते हवा पडल्यासारखं कारायानमध्ये सापडत नाही कारण त्याचा नाचसुद्धा आधीपासूनच राजेशाही आहे, मोडायला काही शिल्लकच नाही. माझा क्रम: अख्खी सिम्फनी बोम, पक्षी वाल्टर, वादळ क्लायबर.

जालन्याचा_ज
कुठलंतरी लावलं, वीज कडाडल्यावर कुत्रं पलंगाखाली गेलं. म्हणजे चांगलं असेल.

टाळझांज
कोणाचं होतं ते? कुत्र्याचं मत मला महत्त्वाचं आहे.

जालन्याचा_ज
बघतो थांबा. गार्डिनर लिहिलंय.

टाळझांज
👑

मांजराकाठ
क्लायबर मिळाला, भाच्यानेच शोधून दिला. हेडफोन लावून वादळ ऐकलं, मग तिसऱ्यापासून पुन्हा. रेल्वेकॉलनी म्हणतात ते खरं आहे, ते थेंब पडतात तिथं अंगावर काटा आला. पण एक सांगू का, पहिला भाग फारच घाईत आहे. गावाकडं पोचल्यावर आनंद झालाय माणसाला, बस की जरा. आणि पाचवा भाग बोमसारखा कोणी केलाच नाही, तो शेवटी शेवटी जो हळू होत जातो ना. मी बोमवरच राहणार. गार्डिनर ह्या आठवड्यात.

रेल्वेकॉलनी
घाई?? क्लायबरची घाई??? थांबा, जेवून येतो, मग बोलतो.